जीएम अन्नाला विरोध: किळस, भीती की चीड? प्रश्नावलीत हे वेगळं कसं काढायचं?

पानपिंपळ

जनुकीय सुधारित (जीएम) अन्नाविषयी लोकांची नैतिक मतं भावनांतून कशी घडतात, यावर मराठीत एक सर्वेक्षण आखायचं आहे. 18 वर्षांवरचे साधारण 400 जण, प्रश्नावली ऑनलाइन. वाचन झालंय, पण दोन निबंधांपाशी गाडी अडली आहे.

पहिला 2016चा, सिडनी स्कॉट, योएल इनबार आणि पॉल रोझिन यांचा. अमेरिकेतल्या त्यांच्या प्रातिनिधिक नमुन्यात 64 टक्के लोक जीएमच्या विरोधात निघाले. या विरोधकांपैकी 71 टक्के, म्हणजे एकूण नमुन्यातले 45 टक्के, 'फायदा कितीही मोठा असो, धोका कितीही कमी असो, बंदीच हवी' असं म्हणणारे होते. या ठाम विरोधकांना एरवीही किळस जास्त येते, आणि धोका-फायद्याचं मत हिशेबात धरूनही किळसेवरून बंदीच्या मागणीचा अंदाज बांधता येतो, असा त्यांचा निष्कर्ष.

दुसरा निबंध पुढच्याच वर्षीचा, एडवर्ड रॉयझमन आणि सहकाऱ्यांचा. त्यांचं म्हणणं, इथे खरं काम भीती करते, किळस नाही. आणि 'काहीही झालं तरी नको' या उत्तराला इतकं शब्दशः धरू नये.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. दोघांत बरोबर कोण? मराठीत प्रश्न कसे लिहिले म्हणजे या भावनांची खिचडी होणार नाही? आणि विरोधामागे भावना आहे असं दिसलंच, तर तो विरोध नैतिकदृष्ट्या फुकट ठरतो का?

मोजमाप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं दुसऱ्यात दडलेलं आहे. म्हणून शब्दांपासून सुरुवात करतो.

इंग्रजीत किळसेसाठी जो रोजचा शब्द आहे, तो लोक रागासाठीही सर्रास वापरतात. कुणी फसवलं तरी तोच शब्द, नासलेलं दूध प्यायलं तरी तोच. त्यामुळे '0 ते 6 मध्ये किती किळस वाटली?' एवढंच विचारलं, तर आलेल्या आकड्यात किळस किती आणि चीड किती हे कुणालाच सांगता येत नाही. मराठीत आपल्याकडे शब्द जास्त आहेत, पण म्हणून सुटका होते असं समजू नका. शिसारी, मळमळ, ओकारी हे शब्द पोटाजवळचे. तिटकारा आणि घृणा माणसांबद्दल आणि वागण्याबद्दलही चालतात. आणि 'किळसवाणा' हे विशेषण आपण राजकारणाला, जाहिरातीला, कुणाच्या लाचखोरीला बिनदिक्कत लावतो. म्हणजे 'किळसवाणं वाटतं का?' हा प्रश्न मराठीतही गळका आहे.

उपाय असा की भावनेचं नाव कमी विचारा, ती भावना माणसाला काय करायला लावते ते जास्त विचारा. प्रसंग द्या: 'एकाने नकळत जीएम अन्न खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याला ते कळलं. त्याच्या जागी तुम्ही असता तर?' पुढे प्रत्येक भावनेची तीन वाक्यं, प्रत्येकाला 0 ते 6 गुण.

किळसेसाठी: 'चूळ भरावीशी वाटेल', 'आठवलं तरी मळमळेल', 'त्याच ताटातलं उरलेलं तोंडाजवळ नेववणार नाही'.

भीतीसाठी: 'शरीरावर काय परिणाम होईल याचा घोर लागेल', 'डॉक्टरांना विचारावंसं वाटेल', 'काही दिवस तब्येतीवर लक्ष ठेवेन'.

चिडीसाठी: 'विकणाऱ्याला जाब विचारावासा वाटेल', 'तक्रार करावीशी वाटेल', 'मला न सांगता हे कसं केलं, असं वाटेल'.

नऊही वाक्यांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा लावा. त्याखेरीज मळमळ, धास्ती, चीड ही तीन नावं एकेकदा थेट विचारा. वाक्यांवरून आलेले गुण आणि नावांवरून आलेले गुण जुळत नसतील, तर वाक्यांवर विश्वास ठेवा.

या प्रसंगात एक खोच आहे. 'नकळत खाल्लं' म्हटलं की वाचणारा मनात लगेच 'कुणीतरी लपवलं' असं जोडतो आणि चीड वाढते. तेव्हा प्रसंगाच्या दोन आवृत्त्या करा. एकीत विकणाऱ्याने माहिती लपवली. दुसरीत गोण्यांची अदलाबदल झाली, कुणालाच पत्ता नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत चिडीचे गुण खाली आले आणि किळसेचे तिथेच राहिले, तर तुमची किळस खरी किळस आहे. दोन्ही एकत्र घसरले तर समजा की किळसेची वाक्यंसुद्धा चीडच मोजत होती.

तळटीप

'काहीही झालं तरी बंदी' या प्रश्नाबद्दल भर घालतो, कारण रॉयझमनच्या आक्षेपाचा अर्धा जीव त्यात आहे.

हा प्रश्न जोनाथन बॅरन आणि मार्क स्प्रँका यांनी 1997 मध्ये मांडलेल्या 'संरक्षित मूल्यां'च्या कल्पनेतून आला आहे. ज्या मूल्याचा सौदाच करायचा नसतो ते संरक्षित मूल्य. त्याची एक खूण म्हणजे प्रमाणाबद्दलची बेफिकिरी: एक जंगल तोडणं आणि दहा जंगलं तोडणं सारखंच चूक वाटणं. पण 'धोका अगदी नगण्य आहे असं धरा' हे वाक्य छापल्याने वाचणारा ते धरतोच असं नाही. ज्याला जीएम धोकादायक वाटतं, तो ती अट मनातल्या मनात खोडतो आणि 'बंदी हवी'वर खूण करतो. कागदावर तो तत्त्वनिष्ठ दिसतो, डोक्यात मात्र साधा धोक्याचा हिशेब चाललेला असतो.

म्हणून त्या प्रश्नाच्या लगेच पुढे हे विचारा: 'उत्तर देताना धोका जवळपास नाही, हे तुम्हाला खरं मानता आलं का?' पर्याय: पूर्णपणे, थोडंफार, अजिबात नाही. शेवटच्या पर्यायावाल्यांना ठाम विरोधकांत मोजू नका. त्यांचा गट वेगळा ठेवा. शिवाय 'काय कळलं तर तुमचं मत बदलेल?' हा एक मोकळा प्रश्न, दोन ओळींच्या जागेसह. 'काहीही नाही' आणि 'वीस वर्षं खाऊन लोक ठणठणीत राहिले तर' ही दोन उत्तरं देणारी माणसं एकाच रकान्यात बसत नाहीत.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. त्याच तंत्राचे दुसरे उपयोग विचारा. जनुक बदललेल्या जिवाणूंकडून बनवलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत 1982 मध्ये परवानगी मिळाली. दूध विरजून चीज करायला लागणारं कायमोसिन याच पद्धतीने बनवायला 1990 मध्ये मिळाली. जनुकाला हात लावणंच पाप असं कुणी खरोखर मानत असेल, तर त्याने इन्सुलिनलाही नको म्हणायला हवं. जो अन्नाला 'कधीच नाही' आणि इन्सुलिनला 'हो' म्हणतो, त्याचा विरोध तंत्राला नसून तोंडात जाणाऱ्या घासाला आहे. किळसेचा माग काढायचा तर तो तिथे लागतो, कारण किळस मुळात तोंडाच्या उंबरठ्यावरची पहारेकरी आहे.

पानपिंपळ

दोघांचेही आभार. इन्सुलिनचा प्रश्न घेतो. पण एक शंका: इन्सुलिनला होकार देताना माणूस फायदा पाहत असेल ना? मग ती किळसेची परीक्षा कशी?

तळटीप

शंका रास्त आहे. एकट्या इन्सुलिनवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून सोबत कायमोसिन ठेवायचं. तिथे खाणाऱ्याच्या पदरात वेगळा मोठा फायदा पडत नाही, आणि पदार्थ तोंडातच जातो. इन्सुलिनला हो, कायमोसिनला नाही: किळस किंवा भीती. दोन्हींना हो, पण शेतातल्या पिकाला नाही: बहुधा पर्यावरणाची किंवा मालकी हक्काची काळजी.

आडवाट

प्रश्न विचारून भावना ओळखण्यापेक्षा प्रसंग बदलून त्या हलवून पाहणं जास्त भरवशाचं. प्रत्येक भावनेला आपापली कळ असते.

किळसेची कळ म्हणजे जनुक कुठून आलं. रोझिन, मिलमन आणि नेमेरॉफ यांचे 1986चे प्रयोग इथे पायाभूत आहेत. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ रसात बुडवून काढलं तरी लोकांना तो रस नकोसा झाला. कुत्र्याच्या विष्ठेच्या आकारात घडवलेली मिठाई, मिठाईच आहे हे माहीत असूनही, खाववेना. साखरेच्या बाटलीवर 'सोडियम सायनाइड' अशी चिठ्ठी लावली, आत साखरच आहे हे डोळ्यांदेखत असूनही, तरी हात आखडला. मराठीत यासाठी 'बाटणं' हा नेमका शब्द आहे: स्पर्शाने गुण जातो, आणि एकदा गेला की परत निघत नाही. 'टोमॅटोत माशाचं जनुक' या तीन शब्दांनी इतकं रान उठलं ते याच तर्कामुळे. गारठ्यात तग धरावा म्हणून फ्लाउंडर माशाचं जनुक घातलेला टोमॅटो 1991 मध्ये प्रयोग म्हणून लावला गेला होता, बाजारात तो कधीच आला नाही. तरी विरोधाची ओळख म्हणून तोच उरला. एका जनुकाबरोबर टोमॅटोत 'मासेपण' उतरतं असं वाटणं, हे झुरळाच्या रसाचंच रूप आहे.

भीतीची कळ वेगळी. पॉल स्लोविक यांनी 1987 मध्ये धोक्याच्या जाणिवेचे दोन अक्ष मांडले: धोका किती भयंकर आणि आवाक्याबाहेरचा वाटतो, आणि तो किती अनोळखी, उशिरा उमटणारा वाटतो. जीएम दुसऱ्या अक्षावर वर बसतं. इथे चाचणीची माहिती, खाणाऱ्यांचा जुना अनुभव, चूक झाल्यास माघार घेण्याची सोय, या गोष्टी बदलल्या की भीती हलायला हवी.

चिडीची कळ म्हणजे कोण, कुणाला विचारून, कुणाच्या फायद्यासाठी. बियाण्याचा मालक कोण, पाकिटावर लिहिलंय का, शेतकऱ्याला बी राखून ठेवता येतं का.

तर आराखडा 2×2×2. जनुक त्याच पिकाच्या रानटी भाईबंदाचं की प्राण्याचं. चाचणीची माहिती विस्तृत की त्रोटक. वाण सार्वजनिक संस्थेचं आणि पाकिटावर नोंद असलेलं, की खासगी पेटंटचं आणि नोंद नसलेलं. आठ प्रसंग होतात. प्रत्येकाला एकच प्रसंग, लॉटरीने. 400 जणांत एका प्रसंगाला 50 जण येतील. एकेका घटकाचा परिणाम पाहताना 200 विरुद्ध 200 अशी तुलना होते, तेवढ्यात मध्यम परिणाम नीट दिसतो. पण दोन घटकांच्या परस्पर परिणामावर 400च्या जोरावर मोठी विधानं करू नका.

यात हमखास बिघडणारी गोष्ट सांगतो. 'प्राण्याचं जनुक' म्हटलं की किळसेबरोबर भीतीही वाढते, कारण ॲलर्जीची शंका येते, आणि ती शंका बिनबुडाची नाही. ब्राझील नटचं प्रथिन घातलेल्या सोयाबीनवर ॲलर्जी असलेल्यांचं रक्तद्रव्य प्रतिक्रिया देतं, हे 1996 मध्ये छापून आलं आणि तो वाण बाजारात आणण्याचा बेत सोडून दिला गेला. म्हणून आठही प्रसंगांत एक वाक्य जसंच्या तसं ठेवा: 'या प्रथिनाची ॲलर्जीसाठी तपासणी झाली असून ते सुरक्षित आढळलं आहे.' मग जो फरक उरेल त्यात किळसेचा वाटा शोधणं शक्य होईल.

भावनांचे प्रश्न नैतिक प्रश्नाच्या आधी आले तर ते मताला रंग देतात. अर्ध्या लोकांना आधी, अर्ध्यांना नंतर विचारा आणि फरक तपासा.

मोजमाप

आराखडा छान आहे. आता तो जिथे फसतो ते आकडेमोडीचं ठिकाण. या वादातले अर्धे निबंध 'भीती हिशेबात धरूनही किळस उरते' किंवा त्याच्या उलट वाक्यावर उभे आहेत. ते वाक्य दिसतं तितकं भक्कम नसतं.

समजा, खऱ्या जगात विरोध फक्त भीतीमुळे होतो. भीती आणि विरोध यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने वाढतात याचं माप; 0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.5, भीती आणि किळस यांचा 0.6. किळस स्वतः काहीच करत नाही, म्हणून विरोधाशी तिचा सहसंबंध केवळ भीतीच्या वाटेने, 0.5 × 0.6 = 0.3. आता भीती एकाच प्रश्नाने मोजली आणि त्या मोजणीची विश्वसनीयता (मोजणी किती भरवशाची, 0 ते 1 मध्ये) 0.6 निघाली. 0.6चं वर्गमूळ 0.775. मोजलेल्या भीतीचा विरोधाशी सहसंबंध 0.39 वर येतो, किळसेशी 0.46 वर. 'भीती वगळून' किळस आणि विरोध यांचा सहसंबंध काढा: सुमारे 0.15. तो शून्य यायला हवा होता! 400 जणांत 0.15 आरामात 'लक्षणीय', म्हणजे निव्वळ योगायोग नसलेला, ठरतो आणि निष्कर्ष छापला जातो की किळसेचा स्वतंत्र परिणाम आहे. प्रत्यक्षात ती अर्धवट मोजलेली भीतीच किळसेच्या रकान्यात सांडलेली असते.

ज्या भावनेची मोजणी ढिली, ती हरते. दोन बाजूंनी दोन वेगळ्या भावना विजयी ठरण्यामागे हेही एक कारण असू शकतं. म्हणून तिन्ही भावनांना सारखीच वाक्यं द्या, तिन्हींची विश्वसनीयता 0.8च्या आसपास आहे ना ते आधी 40-50 जणांवर पाहा, आणि विश्लेषणात मोजणीतली चूक गृहीत धरणारी पद्धत वापरा.

माणसाची एकंदर किळस मोजायला टायबर आणि सहकाऱ्यांची 2009ची तीन भागांची श्रेणी घ्या: 21 वाक्यं, रोगजंतू, लैंगिक आणि नैतिक अशी सात-सात, गुण 0 ते 6. तुम्हाला फक्त रोगजंतूंची सात लागतील. नैतिक भाग मुद्दाम गाळा. त्यात खोटेपणा, चोरी असले प्रसंग आहेत. ते तुमच्या नैतिक मताच्या प्रश्नाशी नातं सांगणारच. भाषांतर एकाने करा, उलट भाषांतर दुसऱ्याने, आणि मग आठ-दहा जणांना प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून 'यातून तुम्हाला काय कळलं?' विचारा. या पायरीवर वेळ वाचवू नका.

शेवटी ज्ञानाचे प्रश्न. फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं की विरोध जितका टोकाचा, तितकं प्रत्यक्ष ज्ञान कमी आणि स्वतःच्या ज्ञानाबद्दलची खात्री जास्त. त्यामुळे दोन्ही मोजा, पण 'तुम्हाला किती माहीत आहे?' हे आधी, परीक्षा नंतर. उलट केलंत तर परीक्षेत अडखळलेला माणूस स्वतःला कमी गुण देतो आणि फरक पुसला जातो. परीक्षेत युरोबॅरोमीटरचं, म्हणजे युरोपीय संघाच्या जनमत सर्वेक्षणाचं, जुनं वाक्य ठेवाच: 'साध्या टोमॅटोत जनुकं नसतात, जीएम टोमॅटोत असतात.' खरं की खोटं?

शेवगा

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

'भावना आहे, म्हणजे तर्क नाही' ही मांडणी चुकीची आहे. भावना कशाकडे बोट दाखवते ते पाहायला हवं. चीड म्हणते: मला विचारलं नाही, मला सांगितलं नाही, फायदा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची. हे दावे तपासता येतात आणि कधीकधी ते खरे निघतात. त्यावर 'जीएम खाऊन कुणाला काही होत नाही' हे उत्तरच नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2016च्या अहवालाला जीएम अन्न माणसाच्या आरोग्याला इतर अन्नापेक्षा अधिक धोकादायक असल्याचा पुरावा सापडला नाही, हे बरोबर. पण तो अहवाल भीतीला उत्तर देतो. चिडलेल्या माणसापुढे तो ठेवला की त्याला वाटतं, माझा प्रश्न ऐकलाच नाही. आणि त्याचं वाटणं बरोबर असतं.

भीतीसुद्धा तपासता येते. वरचं सोयाबीनचं उदाहरण हेच सांगतं: शंका घेतली, तपासलं, थांबवलं.

किळसेचं काय? लिऑन कास यांनी 1997 मध्ये मानवी क्लोनिंगच्या संदर्भात मांडलं होतं की शिसारीत शब्दांत न मावणारं शहाणपण असू शकतं. मला ते पटत नाही, निदान अन्नाच्या बाबतीत. जी भावना चिठ्ठी लावलेल्या साखरेलाही नाही म्हणते, ती साक्षीदार म्हणून कच्ची आहे. 2015 मध्ये रताळ्याच्या लागवडीखालच्या 291 नमुन्यांत, तपासलेल्या प्रत्येकात, ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचा डीएनए सापडला. माणसाने प्रयोगशाळेत काही करण्याच्या कितीतरी आधी निसर्गानेच तो तिथे घातला होता. रताळं त्याने अनैतिक ठरत नाही. मात्र किळस पुरावा नाही म्हणून ती वाटणाऱ्याच्या घशाखाली घास लोटायचा अधिकार कुणाला मिळत नाही. त्याला निवडता आलं पाहिजे, म्हणजे पाकिटावर लिहिलेलं असलं पाहिजे. लिहिल्याने लोक बिथरतील ही भीती बरीच फोल ठरली आहे: अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात 2016 मध्ये सक्तीची साधी नोंद सुरू झाल्यावर तिथला विरोध 19 टक्क्यांनी घटला, असं कोलोडिन्स्की आणि लस्क यांच्या 2018च्या अभ्यासात दिसलं.

आणखी एक. तुमच्या सर्वेक्षणात भावना फक्त विरोधकांनाच का? गोल्डन राइसचं, म्हणजे शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार व्हावं म्हणून जनुक बदललेल्या तांदळाचं, 2000 मध्ये जाहीर झालेलं संशोधन आठवा. 'अ' जीवनसत्त्वाअभावी दृष्टी जाणारी मुलं डोळ्यांपुढे आणली की करुणा वाटते, अडवणाऱ्यांचा राग येतो, आणि समर्थनही तितकंच ठाम, तितकंच नैतिक होतं. फिनुकेन, स्लोविक आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं की फायद्याची माहिती दिली की धोकाही कमी वाटू लागतो, धोक्याबद्दल अवाक्षर न सांगता. ही घसरण समर्थकांचीही होते. करुणा आणि आशा यांची तीन-तीन वाक्यं घाला.

पानपिंपळ

घालतो. म्हणजे पाच भावना, पंधरा वाक्यं, किळसेची सात, ज्ञानाची सहा, प्रसंग आणि ठाम विरोधाचे प्रश्न. किती मिनिटांची प्रश्नावली चालेल?

आडवाट

मोबाईलवर बारा मिनिटांच्या पुढे गेलात तर शेवटची पानं लोक न वाचता भरतात. पंधरा वाक्यं एका पानावर कोंबू नका, पाच-पाच करा. मध्ये एकदा 'इथे 4 निवडा' असं वाक्य टाका. जे चुकतात त्यांना गाळायचं की नाही हे उत्तरं हातात येण्याआधी लिहून ठेवा. गळतीसाठी 400 ऐवजी 460 जण धरा. आणि शेवटच्या पानावर स्पष्ट सांगा की प्रसंग काल्पनिक होता आणि ॲलर्जी तपासणीचं वाक्य कुठल्याही खऱ्या वाणाबद्दल नव्हतं. लोक तेच वाक्य खरं समजून घरी घेऊन जातात.